आधी फ्लॉपी, मग फॉरमॅट

पंचवीस वर्षं मी दिल्ली, नोएडा आणि गुडगावात लोकांचे कम्प्युटर दुरुस्त केले. दाराची बेल वाजवली की दार उघडणारा आधी माझ्याकडे बघायचा आणि मग माझ्या खांद्यावरून मागे. मागे कोणी नसायचं. एका सरदारजींनी तर सरळ विचारलं होतं की मॅडम, मेकॅनिक खाली गाडी लावतोय का. मी म्हटलं, मेकॅनिक आलाय, पाणी द्या. त्यांनी पाणी दिलं, पण मी कॅबिनेटचे स्क्रू काढेपर्यंत त्यांची नजर जिन्यावरच होती.

ह्या गोष्टीचा मला राग यायचा. अजूनही येतो. तो इथे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तो माझ्याच अंगावर उलटणार आहे.

माझा जन्म दिल्लीचाच. वडील केंद्र सरकारात, घर सरकारी क्वार्टरमध्ये. घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नेहरू प्लेसमधल्या एका दुकानात लागले. तिथे कम्प्युटर भाजीसारखे निवडून घेतले जात. बोर्ड ह्या गाळ्यातून, डिस्क त्या गाळ्यातून, कॅबिनेट जिन्याखालून. सगळं जोडून झालं की विंडोजची कॉपी घातली जायची, मसाल्याच्या डब्यावर झाकण ठेवावं तितक्या सहज. विकत घेतलेलं विंडोज मी पहिली कित्येक वर्षं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

मग गुडगावात काचेच्या इमारती उठल्या, त्यामागे पंधरा-पंधरा मजल्यांच्या सोसायट्या उठल्या, नोएडाचे सेक्टर भरले, आणि प्रत्येक घरात एक कम्प्युटर आला. त्या वेळी मी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. वर्षाचा करार करायचा, बिघडलं की जायचं. बिघडायचं ते बहुतेक व्हायरसने. त्याच घरात, त्याच खुर्चीवर, त्याच पेन ड्राइव्हमुळे महिन्यातून दोनदा. मी अक्षरशः पिचून गेले होते. आणि अशा वेळी मला लिनक्स भेटलं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कम्प्युटर सुरू झाल्यावर त्याचा सगळा कारभार बघणारा एक मूळ प्रोग्राम लागतो. विंडोज हा तसा एक, लिनक्स हा दुसरा. लिनक्स फुकट, कोणीही घ्यावं, कोणालाही द्यावं, आणि तेव्हाचे आपले घरगुती व्हायरस त्यावर चालत नसत. त्याच्या सीडी मागवल्या की परदेशातून घरपोच यायच्या. अडचण एकच. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्राम लिनक्सवर चालत नाहीत. घरात इंडक्शनची शेगडी आणली की अर्धी भांडी निकामी होतात, तसं. भांड्याचा दोष नसतो, शेगडीचाही नसतो, पण भाजी कशात करायची हा प्रश्न उरतोच. एक दुभाष्या प्रोग्राम मिळायचा, तो काही विंडोजची कामं लिनक्सला समजावून सांगायचा. कधी जमायचं, कधी नाही.

मी मात्र भारावले होते. दिसेल त्याला लिनक्स घालत सुटले. लाजपतनगरातला एक लग्नाचे अल्बम करणारा फोटोवाला होता, चोप्रा. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, सीडीवरचं पेंग्विनचं चित्र, म्हणजे लिनक्सचं चिन्ह, न्याहाळलं आणि विचारलं, “मॅडम, ये आपका पेंग्विन दुल्हन को गोरा कर देगा?” मी म्हटलं, फोटो सुधारणारा एक प्रोग्राम ह्यातही आहे. त्याने अर्धा तास तो चालवून पाहिला आणि माझ्यासाठी लस्सी मागवली. लस्सी आली तेव्हाच मी ओळखलं की उत्तर नाही असं आहे. त्याचं पोट ज्या सॉफ्टवेअरवर होतं ते विंडोजवरच चालायचं. मी त्याच्या हिशेबाच्या कम्प्युटरवर लिनक्स घातलं आणि अल्बमच्या कम्प्युटरला हात लावला नाही.

दुसरे एक निवृत्त विंग कमांडर होते, गुडगावचे. त्यांना विमान उडवायचा एक गेम लागायचा, तो फक्त विंडोजचा. टेबलाला खऱ्यासारखी दांडी बसवलेली. ते म्हणाले, लिनक्स चांगलं आहे, पण रोज संध्याकाळी सहाला मला एकदा उतरायचं असतं. त्यांच्यासाठी मी डिस्कचे दोन भाग केले. एकात लिनक्स, दुसऱ्यात त्यांनी विकत घेतलेलं विंडोज. त्याला पूर्ण दिवस गेला आणि मला त्याचा कंटाळा आला नाही. विंग कमांडरसाहेबांचा गेम होता ना.

आता शेख सरांकडे येते.

शेख सर मूळचे सोलापूरचे. केंद्र सरकारात भाषांतरकार म्हणून आले, दिल्लीतच निवृत्त झाले आणि नोएडाला फ्लॅट घेऊन राहिले. रेहाना काकू, त्यांच्या पत्नी, शाळेत गणित शिकवायच्या. मुलगी शबाना गुडगावात एका कंपनीत. सर शनिवारी तिथल्या मराठी मंडळाच्या मुलांना मराठी वाचायला शिकवायचे, आणि तिथेच त्यांना त्यांचं काम सापडलं. दिल्लीत वाढलेल्या मुलांच्या तोंडून जे मराठी शब्द गेले, ते सर गोळा करायचे. एखाद्या मुलाला शब्द कळला नाही की सरांच्या खिशातली वही बाहेर यायची. घरी जाऊन तो शब्द कम्प्युटरवर चढायचा: शब्द, अर्थ, आणि दिल्लीतच घडेल असं एक वाक्य. ‘वळचण: एसीच्या वळचणीला कबुतरांनी घरटं केलं.’ ‘विरजण: गुडगावच्या आत्याने विरजण मागायला नोएडापर्यंत गाडी काढली.’ खाली कंसात, कोणत्या सेक्टरच्या कोणत्या मुलाला तो माहीत नव्हता, ते. नऊ वर्षांत हजारो शब्द झाले होते.

सरांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असलेली नजर टिकवायचा प्रयत्न करू, गेलेली परत येणार नाही. तेव्हा सरांना घाई होती. शब्दांचं पुस्तक करून मुलांच्या हातात द्यायचं आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

लिनक्सचा विषय मी काढला नाही, सरांनी काढला. कुठेतरी वाचून त्यांना कळलं की आपलं विंडोज विकतचं नाही. त्यांना ते फार लागलं. म्हणाले, “वैशालीबाई, मुलांना भाषा द्यायची आणि ती उचललेल्या ताटात, हे बरं नाही.” मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर मात्र त्यांनी रीतसर विकत घेतलेलं होतं. मला तर हर्षच झाला. इतकं नैतिक कारण घेऊन माझ्याकडे कोणीच आलं नव्हतं.

त्या काळच्या मराठी सॉफ्टवेअरची एक रीत होती. त्याच्यासोबत एक फ्लॉपी यायची आणि त्या फ्लॉपीत लायसन्स मोजून असायचं, सरांच्या फ्लॉपीत दोन. कम्प्युटरवर सॉफ्टवेअर घातलं की फ्लॉपीतलं एक लायसन्स कम्प्युटरवर जायचं. म्हणून डिस्क पुसायच्या आधी ते लायसन्स पुन्हा फ्लॉपीवर उतरवून घ्यायचं. नाही घेतलं तर डिस्कबरोबर तेही पुसलं जायचं, कायमचं. आधी फ्लॉपी, मग फॉरमॅट. नेहरू प्लेसमध्ये हे मी नव्या पोरांकडून तीन-तीनदा म्हणून घ्यायची.

त्या दिवशी मी सरांच्या सगळ्या फाइली सीडीवर घेतल्या. नीट तपासल्या. जुनं सॉफ्टवेअर त्या दुभाष्या प्रोग्रामकडून चालवून घेऊ, असं ठरवलं होतं. लिनक्सची सीडी आत घातली. सरांशी बोलत होते, त्यांना नवा पडदा कसा दिसेल ते सांगत होते. मधे काकू चहा घेऊन आल्या, कप ठेवला आणि दाराशी घुटमळल्या. “अगं, एक मिनिट, ते करायच्या आधी” असं काहीतरी म्हणाल्या. काकू ह्याच कम्प्युटरवर रंगीत मणी जुळवायचा एक गेम खेळायच्या, तो विंडोजचा होता, आणि तो जाणार म्हणून आठवडाभर त्यांची कुरकुर चालली होती. मी वर न बघता म्हटलं, काकू, गेमचं नंतर बघू. कम्प्युटरने विचारलं, डिस्कवरचं सगळं जाईल, नक्की ना? मी एंटर दाबलं.

संध्याकाळी सरांची फाइल उघडली तेव्हा पडद्यावर उलटेसुलटे इंग्रजी ठिपके, टोप्या आणि कंस होते. हे अपेक्षितच होतं. तेव्हाच्या मराठी फाइलीत आतून मराठी नसायचंच. आत इंग्रजी चिन्हं, त्यावर मराठी आकार चढवलेले. सॉफ्टवेअर असेल तरच मराठी दिसायचं. ते घालायला मी फ्लॉपी हातात घेतली आणि तेव्हा मला आठवलं: आधी फ्लॉपी, मग फॉरमॅट.

फ्लॉपीत एकही लायसन्स नव्हतं. एक मी पुसलं होतं. दुसऱ्याचं सरांना विचारलं तर ते म्हणाले, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही तीन महिने शबानाकडे होतो, तिच्या कम्प्युटरवर घातलं होतं. पण तिने तो केव्हाच विकला.

पुढचे दोन महिने मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. सरांनी विकतचं विंडोज आणवलं, उपयोग झाला नाही. ज्या दुकानातून सॉफ्टवेअर घेतलं होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळत होती. नव्या आवृत्तीत जुनी फाइल उघडेना. सरांकडे छापील प्रत होती ती पहिल्या चाळीस पानांची, तीही एका मुलाच्या आईने वाचायला नेलेली आणि हरवलेली. पुन्हा टाइप करावं तर वह्या दर वर्षी रद्दीत गेलेल्या. सरांच्या कम्प्युटरवर नऊ वर्षं जागच्या जागी होती आणि वाचता येत नव्हती.

सर एकदाही रागावले नाहीत. त्यांनी रागवावं असं मला फार वाटायचं. एकदा त्यांनी एवढंच विचारलं की पुसायच्या आधी कम्प्युटर विचारतो का. मी म्हटलं, विचारतो. ते म्हणाले, “मग बरं आहे. मला वाटलं, न विचारताच पुसतो.” एवढं बोलून चष्म्याची काच पुसत बसले, आणि ती काच स्वच्छच होती.

प्रत्येक रविवारी मी नोएडाला जायची. कामासाठी कमी आणि तोंड लपवल्यासारखं वाटू नये म्हणून जास्त. मधल्या काळात सर फाइल उघडायचे आणि त्या टोप्या-ठिपक्यांकडे भिंगातून बघत राहायचे. काकू ह्या सगळ्यात नसायच्या. दर दुसऱ्या आठवड्यात त्या शबानाकडे जायच्या. सरांनी त्यांना फक्त ‘कम्प्युटरचं काम चाललंय’ असं सांगितलं होतं. गणिताच्या बाईंना आपली नऊ वर्षं वजा झाल्याचं सांगायचं सरांच्या जिवावर आलं असावं.

एका रविवारी काकू घरी होत्या. मला त्यांच्या गेमची आठवण झाली आणि लाज वाटली. सरांचं मी काही करू शकत नव्हते, निदान काकूंचं तरी करावं. म्हटलं, काकू, आता विंडोज आहेच, तुमचा मण्यांचा गेम लावून देऊ का?

“नको गं,” काकू म्हणाल्या. “माझा गुडगावला आहे.”

मी विचारलं, शबानाकडे? तिच्या नव्या लॅपटॉपवर?

“नाही, जुन्यावर. तिला विकायचा होता, मी नाही विकू दिला. बाल्कनीच्या खोलीत ठेवलाय, इस्त्रीच्या टेबलावर. ह्यांना नको सांगूस, ह्यांना वाटतं मी तिथे जाऊन नातीचा अभ्यास घेते.”

सर मागे दाराशीच बसले होते, काकूंच्या ते ध्यानात नव्हतं. ते उठून चपला शोधायला लागले तेव्हा काकूंनी विचारलं, काय झालं, आता गेमवरून भांडणार का?

तेव्हा मेट्रो गुडगावपर्यंत आली नव्हती. माझ्या जुन्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. वाटेत मी काकूंना सगळं सांगितलं. नोएडाच्या पुलापासून गुडगावच्या टोलनाक्यापर्यंत त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

बाल्कनीच्या खोलीत तो कम्प्युटर होता, वर भरतकामाचं कापड टाकलेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मशीनसमोर हात मागे बांधून उभी राहिले. काकूंना म्हटलं, तुम्ही सुरू करा, तुमचा आहे. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर मण्यांचा गेम, त्याच्या शेजारी एका कोपऱ्यात सरांच्या सॉफ्टवेअरचं चित्र. काकूंनी ते दोनदा दाबलं. ते उघडलं. मी सीडी दिली, काकूंनी ती घातली आणि पहिली फाइल उघडली. पडद्यावर ‘अडगळ’ असा शब्द आला, त्याखाली अर्थ, त्याखाली वाक्य. सर पडद्याला नाक लावून उभे होते. त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग दुसरं. मग मागे सरकले आणि भिंतीला टेकून रडले. मीही रडले. काकू म्हणाल्या, आता आधी छापून घ्या, रडणं घरी गेल्यावर.

आम्ही सगळं छापून घेतलं आणि मजकूर बाहेर काढून घेतला. मग माझं काम सुरू झालं. कोणत्या इंग्रजी चिन्हामागे कोणता मराठी आकार आहे त्याचा तक्ता केला, आणि त्यावरून आजच्या पद्धतीची मराठी करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. तो लिनक्सवर लिहिला, हे अभिमानाने सांगते. आता ती फाइल कुठल्याही कम्प्युटरवर उघडते, कोणाच्या फ्लॉपीला विचारावं लागत नाही. त्यानंतर तपासणी. सरांना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं. काकू छापील कागदावरून वाचायच्या, मी पडद्यावर बघायची, सर डोळे मिटून ऐकायचे. काकूंनी नऊ वर्षांत त्यातला एक शब्द वाचला नव्हता. आता वाचताना त्या सरांचे अर्थ दुरुस्त करायला लागल्या. ‘फडताळ’चा अर्थ सरांनी नुसता ‘कपाट’ दिला होता. काकू म्हणाल्या, भिंतीतलं म्हणा, सोलापूरला तुमच्या आईचं कुठे होतं? सर म्हणाले, भिंतीत. आणि मी तसं लिहिलं.

गणपतीत पुस्तक निघालं. झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंग, बाकी काही नाही. प्रत्येक शब्दाखाली ज्या मुलाचं नाव होतं ती मुलं आपापलं नाव शोधत होती, काही तर आता कॉलेजात गेलेली. सरांनी पुस्तक डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरलं, त्या बाजूने अजून थोडं दिसायचं, आणि मुखपृष्ठ वाचलं. तेवढं त्यांना दिसलं. पुढच्या उन्हाळ्यात तेही गेलं.

सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. काकू शबानाकडे राहतात. मी निवृत्त झाल्यावर मागच्या हिवाळ्यात त्यांना भेटायला गेले, आता मेट्रोने. त्यांचं वय नव्वदीकडे. बाल्कनीच्या खोलीतलं मशीन अजून चालतं, त्याचा वीजपुरवठ्याचा डबा मी तीनदा बदललाय. चहा पिताना तो जुना विषय निघाला. मी म्हटलं, काकू, तुमच्या गेमने वाचवलं हो आम्हाला.

काकूंनी कप खाली ठेवला. “गेम कसला. मी त्या दिवशी तेच सांगायला आले होते ना तुला.”

मी विचारलं, काय?

“फ्लॉपी. शबानाकडे ते घातलं तेव्हा त्या दुकानाच्या माणसाशी फोनवर मीच बोलले होते, हे तर बाहेर गेले होते. त्याने मला बजावून सांगितलं होतं, कधी पुसलंत तर आधी फ्लॉपी घाला. तू सीडी घातलीस आणि फ्लॉपी ड्रॉवरमध्येच. म्हणून मी चहा घेऊन आले. तू म्हणालीस, काकू, गेमचं नंतर बघू.”

मी विचारलं की मग इतकी वर्षं बोलल्या का नाहीत. त्या म्हणाल्या, गाडीतच बोलणार होते, पण तू गाडी चालवत होतीस आणि सिग्नल विसरत होतीस. मग पुस्तक झालं. मग राहिलं.

ज्या लोकांनी माझ्या खांद्यामागे मेकॅनिक शोधला, त्यांच्यावर मी जन्मभर चिडले. विंग कमांडरांच्या गेमसाठी मी अख्खा दिवस घालवून डिस्क वाटून दिली. आणि जिला सगळं ठाऊक होतं ती बाई चहाचा ट्रे घेऊन माझ्या मागे उभी होती, तर मी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. सरांचे ते दोन महिने, थोडी नजर शिल्लक असलेले, त्या टोप्या आणि ठिपक्यांकडे बघण्यात गेले, ते माझ्यामुळे.

काकूंनी मला मणी जुळवायला बसवलं. गुणांच्या यादीत पहिल्या दहांत सगळीकडे त्यांचंच नाव होतं. मी हरले. त्या म्हणाल्या, तू घाई करतेस.